पुस्तकातले हिमोग्लोबिन, गावातला सिकलसेल

भंडारा जिल्ह्यातून बायोकेमिस्ट्री शिकायला नागपूरला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातले सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच तालुक्यात भेटते. रक्ताचा रिपोर्ट वाचता येणारा आणि तो घरच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस इथे का हवा आहे, याची ही गोष्ट.

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत ‘अप-डाउन’ करणाऱ्यांची गर्दी असते. नोकरदार असतात, बाजाराला निघालेले असतात, कॉलेजची मुले-मुली असतात. त्याच डब्यात एखादी आई हातपाय दुखून रात्रभर रडलेल्या लेकराला मांडीवर घेऊन नागपूरच्या ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’त निघालेली असते. समोरच्या बाकावरच्या विद्यार्थिनीच्या बॅगेत बायोकेमिस्ट्रीचे जाडजूड पुस्तक असेल, तर त्यातल्या हिमोग्लोबिनच्या प्रकरणात त्या लेकराच्या दुखण्याचे कारण रेणूच्या पातळीपर्यंत लिहिलेले असते.

या आजाराचे नाव सिकलसेल. विदर्भात हे नाव कुणाला नवे नाही. ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या खेड्यांत लग्नाच्या बैठकीतही ऐकू येतात. राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात भंडारा जिल्ह्याचा समावेश आहे. शब्द ओळखीचे असले, तरी त्यांचा अर्थ अनेक घरांत चुकीचा लावला जातो. त्या चुकीची किंमत कधी मोडलेल्या सोयरिकीत, तर कधी वेळेत उपचार न मिळालेल्या बाळाच्या रूपात मोजावी लागते.

एका अक्षराचा फरक

भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. बीएस्सीनंतर एमएस्सीला येणाऱ्या मुलांना प्रथिनांची रचना, विकरांचे म्हणजे एन्झाइमचे काम, जनुकांचे वाचन, रोगप्रतिकारशक्ती, प्रयोगशाळेतील तंत्रे असे विषय शिकावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला इंग्रजी संज्ञांचा डोंगर वाटतो. पण लेनिंजर असो वा स्ट्रायर, जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांत सिकलसेल हे ठरलेले उदाहरण आहे आणि ते या मुलांना कुणी ओळख करून द्यावी लागत नाही.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. हे प्रथिन चार साखळ्यांचे असते. त्यातल्या दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या फक्त सहाव्या जागेवर बदल होतो. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. जनुकाच्या भाषेत ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झालेले असते. या साखळीच्या ४३८ अक्षरांपैकी हे एक अक्षर.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिनचा स्वभाव तेलासारखा, पाण्यापासून दूर राहणारा. हिमोग्लोबिनने आपला ऑक्सिजन पेशींना दिला, की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन अडकते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे करत लांब दोरखंड तयार होतात. त्यांच्या ताणाने गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोहोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच मरते, म्हणून अशक्तपणा आणि कावीळ पाठ सोडत नाहीत.

विद्यार्थ्यांनी पुढे नेलेला शोध

या आजाराच्या इतिहासात विद्यार्थी वारंवार भेटतात. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते, हे प्रथमच सिद्ध झाले. हे काम मुख्यतः हार्वे इटानो यांनी पॉलिंग यांच्याकडे पीएचडी करताना केले होते. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी ट्रिप्सिन या विकराने हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर पसरले. ठिपक्यांच्या त्या नक्षीत एकच ठिपका जागा सोडून होता. त्यातून सहाव्या जागेवरचा बदल सापडला.

भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. नागपूर परिसर फार मागे नव्हता. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी भागांत या आजारावर अनेक वर्षे काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीनुसार राज्यातील वेगवेगळ्या जमातींत या जनुकाचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळते.

आज प्रत्येक प्रयोगशाळेला माहीत असलेल्या पीसीआर तंत्राचा पहिला शोधनिबंध १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तोही सिकलसेलच्या निदानाविषयीच होता. म्हणजे मॉलिक्युलर बायोलॉजीचा विद्यार्थी इलेक्ट्रोफोरेसिसपासून पीसीआरपर्यंत जी तंत्रे शिकतो, त्यातल्या अनेकांची परीक्षा आधी याच आजारावर झाली आहे.

पाणी प्या, असे का सांगतात?

सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर आणि आशाताई एक सल्ला हमखास देतात. भरपूर पाणी प्या. तो इतका साधा वाटतो, की अनेकदा कानाआड जातो. त्याचे गांभीर्य समजते ते एमएस्सीच्या वर्गात, अभिक्रियांचा वेग शिकताना.

ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे दोरखंड लगेच तयार होत नाहीत. मध्ये थोडा अवधी जातो. तेवढ्यात पेशी बारीक रक्तवाहिनीतून निसटून फुफ्फुसाकडे गेली, की पुन्हा ऑक्सिजन मिळतो आणि धोका टळतो. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा अवधी मोजला. पेशीतील हिमोग्लोबिन जितके दाट, तितका अवधी कमी. आणि हा संबंध साधा नाही, तो जवळपास तिसाव्या घाताचा आहे. वहीवर हिशेब मांडला तर दाटपणा पाच टक्क्यांनी वाढताच अवधी सुमारे एक-चतुर्थांशावर येतो.

शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतलेही कमी होते आणि हिमोग्लोबिन दाट होते. त्यातच या रुग्णांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवणे जमत नाही. त्यामुळे मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जंगलात गेलेल्या किंवा उन्हात विटा वाहणाऱ्या रुग्णाला दुखणे का उचल खाते, हे कळते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींचा प्रवास मंदावतो. श्रावणाच्या झडीत दिवसभर बांधीतल्या पाण्यात उभे राहून धानाची रोवणी केल्यावर रात्री हाडे दुखू लागतात, त्यामागे हे एक कारण असते. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. पुस्तक सांगते, तसे नाही.

नळी गढूळ झाली, पुढे काय?

गावपातळीवरच्या शिबिरात सहसा पहिली चाचणी होते ती सोल्युबिलिटीची. रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात. त्यातले सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते. ‘एस’ प्रकारचे हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. स्वस्त आणि झटपट होणारी ही चाचणी आहे. पण नळी गढूळ होणे म्हणजे सिकलसेलचा आजार असणे नव्हे. वाहक म्हणजे ‘एएस’ आणि रुग्ण म्हणजे ‘एसएस’, दोघांचीही नळी गढूळच होते.

दोघांतला फरक कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहाव्या जागेवरचा ऋणभार गेल्यामुळे ‘एस’ हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकते. ‘एएस’ व्यक्तीच्या पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ असे दोन पट्टे उमटतात. ‘एसएस’मध्ये ‘ए’चा पट्टा नसतो. पॉलिंग आणि इटानो यांनी १९४९ मध्ये वापरलेले तत्त्वच आजही जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला येते.

यंत्राने आकडे दिले तरी अर्थ लावायला माणूस लागतो. नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश ‘एफ’ हे गर्भातले हिमोग्लोबिन असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी ‘निगेटिव्ह’ आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याचे ‘ए’ हिमोग्लोबिन मिसळते आणि रुग्णाचा पॅटर्न वाहकासारखा दिसू शकतो. ‘डी’ नावाचे आणखी एक हिमोग्लोबिन नेहमीच्या पट्टीवर ‘एस’च्या जागीच दिसते. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाची सोल्युबिलिटी ‘निगेटिव्ह’च येते. पण तो ‘एएस’ जोडीदाराशी लग्न करतो, तेव्हा मुलाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता असते. या गोष्टी ज्याने रेणूंच्या पातळीवर समजून घेतल्या आहेत, त्यालाच रिपोर्टवरचा आकडा खटकतो आणि ‘पुन्हा तपासा’ असे म्हणता येते.

सोयरीक आणि पंचवीस टक्के

आई आणि वडील दोघांकडून ‘एस’ जनुक मिळाले तरच ‘एसएस’ होते. एकाकडूनच मिळाले तर व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो. शेती, नोकरी, खेळ, बाळंतपण सगळे नेहमीसारखे असते. तरीही ‘अर्धा सिकलसेल’, ‘हलका आजार’ अशी भाषा वापरली जाते आणि त्यात मुलीची बाजू जास्त भरडली जाते. रिपोर्ट लपवण्याची पाळी येते ती इथूनच.

वाहक असण्यात पूर्वजांचे काही पाप नाही, उलट त्यामागे जगण्याचा इतिहास आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीतून दाखवले, की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात, मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हे जनुक का टिकले, याचे उत्तर त्यात आहे. आदिवासी आणि अनुसूचित जातींत प्रमाण जास्त असले, तरी इतर समाजांतही ते आढळते. त्यामुळे तपासणी जात पाहून टाळण्यासारखी नाही.

दोन्ही जोडीदार ‘एएस’ असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के, ‘एएस’ होण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुके निरोगी असण्याची २५ टक्के असते. ‘चारातले एक’ या शब्दांनी इथे घोटाळा होतो. पहिले मूल ‘एसएस’ निघाले, म्हणजे पुढची तीन सुटली, असा समज करून घेतला जातो. नाणेफेकीप्रमाणे प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. ‘एएस’ व्यक्तीचे लग्न ‘एए’ व्यक्तीशी झाले तर मूल ‘एसएस’ होत नाही. म्हणजे वाहकाने लग्न करू नये असे विज्ञान सांगत नाही. जोडीदाराची तपासणी आधी करा, एवढेच सांगते. दोघेही वाहक असतील तर गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच मोठ्या केंद्रात निदान होऊ शकते. त्यासाठी समुपदेशन लवकर व्हायला हवे.

औषधाची गोळी ते जनुकाची दुरुस्ती

गर्भातले ‘एफ’ हिमोग्लोबिन दोरखंडात अडकत नाही. ते जास्त असेल तर त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध शरीराला पुन्हा थोडे ‘एफ’ बनवायला लावते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या औषधाने प्रौढ रुग्णांच्या वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताची वेळोवेळी तपासणी करत घ्यायचे असते. भारतातील रुग्णांत ‘एफ’ मुळातच जास्त आढळते, म्हणून इथला आजार सौम्य असे एकेकाळी मानले जाई. नागपुरातील बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवाने हा समज विदर्भापुरता खोडून काढला. इथे अनेक मुलांत आजार तीव्र असतो.

जन्मानंतर ‘एफ’चे उत्पादन थांबते, ते बीसीएल-११-ए या जनुकामुळे. हे २००८ मध्ये हार्वर्डला उमगले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विजय शंकरन तेव्हा विद्यार्थीच होते. या जनुकाचे ‘बटण’ क्रिस्पर तंत्राने बंद करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. क्रिस्परवर आधारित मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतात दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेल्या क्रिस्पर उपचाराला ‘बिरसा १०१’ हे नाव देण्यात आले आहे. तो सामान्य रुग्णापर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोवर लवकर निदान, लसीकरण, हायड्रॉक्सियुरिया आणि ताप आल्याबरोबर दवाखाना, यावरच भंडाऱ्यातल्या मुलाचा जीव अवलंबून आहे.

पदवी घेऊन परतताना

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. एवढ्या तपासण्यांसाठी यंत्रे विकत घेता येतील. पट्टी वाचणारी, चुकलेला नमुना ओळखणारी आणि पालकांना समोर बसवून समजावणारी माणसे मात्र घडवावी लागतात.

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेल्यांपुढे नेट, सेट, गेटसारख्या परीक्षा, पीएचडी, औषध कंपन्यांची गुणवत्ता तपासणी, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा असे रस्ते असतात. बरेच जण पुणे, हैदराबाद गाठतात आणि त्यात काही चूक नाही. पण संशोधनाचा विषय शोधायला या मुलांना दूर जाण्याची गरज नाही. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांवर काम करणारे आयसीएमआरचे केंद्र आहे, मुंबईत राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. एकाच घरात दोन ‘एसएस’ भावंडांपैकी एकाला वारंवार झटके आणि दुसऱ्याला क्वचितच का येतात, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. मानवी रक्ताचे नमुने वापरायचे तर आचारसमितीची परवानगी आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. ती संमती झाडीबोलीत मागता येणारा संशोधक त्या घरात परका ठरत नाही.

दरवर्षी ११ ते १७ डिसेंबरदरम्यान राज्यात सिकलसेल जनजागृती सप्ताह असतो. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या एखाद्या शाळेत त्या आठवड्यात बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी फळ्यावर दोन पट्टे आणि एक पट्टा काढून दाखवू शकली, ‘एएस म्हणजे आजार नाही’ हे गावच्या शब्दांत सांगू शकली, तर त्या वर्गातल्या मुलामुलींच्या सोयरिकी जुळतील तेव्हा रिपोर्ट लपवण्याची वेळ येणार नाही.

हे लक्षात ठेवा

• सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर घाबरू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ‘एएस’ की ‘एसएस’ हे नक्की करून घ्या.

• लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा. एक जण ‘एएस’ असेल तर दुसऱ्याची थॅलेसेमियासाठीही तपासणी हवी.

• रुग्णाला ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक फिकटपणा, पोट फुगणे किंवा अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी दवाखान्यात न्या.

• रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, कडक ऊन आणि थंडी टाळावी. हायड्रॉक्सियुरिया स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

• २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा.